आठांपैकी सहा : पिएर ओझे वेधशाळेच्या २००७ मधील दाव्याचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

कसोटी आधी लिहून ठेवायची, मध्येच तिच्यात फेरफार करायचा नाही आणि ती उतरली तरच निकाल जाहीर करायचा, ही प्रयोगशास्त्रातली सर्वांत प्रामाणिक रीत समजली जाते. वैश्विक किरण टिपणाऱ्या, पश्चिम अर्जेंटिनातील पिएर ओझे वेधशाळेने २००६-०७ मध्ये ती काटेकोरपणे पाळली. कसोटी उतरली, नोव्हेंबर २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध आला, आणि पुढची दोन-अडीच वर्षे कण जमा होत गेले तसतसा त्या निबंधातला सर्वांत लक्षवेधी आकडा घसरत गेला. कोणी आकडेवारीशी खेळ केला नव्हता, उपकरणे बिघडलेली नव्हती आणि मोजणीतही चूक नव्हती. तरीही ‘अत्युच्च ऊर्जेचे वैश्विक किरण कुठून येतात ते सापडले’ अशी जी समजूत तेव्हा पसरली ती टिकली नाही. असे का झाले, कोणत्या वळणावर कोणता निर्णय घेतला गेला आणि कुठे वेगळे वागता आले असते, हे येथे मांडले आहे. निर्णय अनेक देशांतील शेकडो शास्त्रज्ञांच्या गटाचा असल्यामुळे त्यात कोणा एकाचे नाव घेतलेले नाही.

पार्श्वभूमी

अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणाऱ्या अणुकेंद्रकांना वैश्विक किरण म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांची ऊर्जा माफक असते. या प्रकरणातले कण मात्र टोकाचे आहेत. ५६ एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ५६ वर अठरा शून्ये इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट, ही ऊर्जा घरगुती मापात सुमारे ९ ज्यूल भरते. एक लिटर पाण्याने भरलेला तांब्या जमिनीवरून कमरेपर्यंत उचलायला जेवढे श्रम पडतात तेवढी ही ऊर्जा, आणि ती सगळी एका अणुकेंद्रकात सामावलेली. न्यू मेक्सिकोतील व्होल्कॅनो रँच येथे जॉन लिन्स्ले यांनी १०० एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातला पहिला कण १९६२ मध्ये नोंदवला. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी युटाहमधील ‘फ्लाइज आय’ या दुर्बिणीसमूहाने ३२० एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण पाहिला. असे कण कोण घडवते, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच आहे.

या शोधाला निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. ग्राइझेन, तसेच झात्सेपिन व कुझमिन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, साधारण ५० ते ६० एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा प्रोटॉन विश्वभर भरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाशी टकरत टकरत ऊर्जा गमावतो आणि त्यामुळे फार लांबून येऊ शकत नाही. म्हणजे या उंबरठ्यावरचे कण, वैश्विक मापाने बोलायचे तर, शेजारपाजारचेच असले पाहिजेत. त्यात एवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन आकाशगंगेच्या चुंबकक्षेत्रात काही अंशांपेक्षा फारसा वळत नाही. सगळे कण प्रोटॉन असतील, तर आलेली दिशा उलट लावून उगम गाठता येईल, अशी आशा त्यामुळे होती. या वाक्यातला ‘तर’ पुढे फार महाग पडला.

अडचण होती ती संख्येची. १०० एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा कण एका चौरस किलोमीटरवर शतकात एखादा पडतो. जपानमधील अकेनोची अगासा ही मांडणी सुमारे १०० चौरस किलोमीटरची होती आणि तिला त्या मर्यादेच्या वरचे अकरा कण दिसले होते. युटाहमधील हायरेस दुर्बिणींना मात्र कणांची संख्या अपेक्षेप्रमाणे घटताना दिसत होती. एक प्रयोग जमिनीवर पडलेले कण मोजत होता, दुसरा हवेत उमटलेला प्रकाश. त्यामुळे दोघांतला फरक आकाशातला की मोजपट्टीतला, हे कळायला मार्ग नव्हता. जेम्स क्रोनिन आणि अ‍ॅलन वॉटसन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या योजनेतून जी वेधशाळा उभी राहिली तिने म्हणूनच दोन्ही पद्धती एकाच जागी आणल्या.

ही जागा म्हणजे मेंडोसा प्रांतातील मालार्ग्वे गावाजवळचे पाम्पा अमारिया हे पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच. ३००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याहून थोड्याच कमी क्षेत्रावर, दीड दीड किलोमीटर अंतराने सोळाशेहून अधिक टाक्या त्रिकोणी जाळीत बसवल्या आहेत. टाकी जवळून पाहिली तर आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचीच आठवण व्हावी. मातकट रंगाचा, ३.६ मीटर व्यासाचा प्लास्टिकचा बसका डबा, आत अत्यंत शुद्ध केलेले १२,००० लिटर पाणी आणि प्रकाशाचा कणही शिरू नये असे अस्तर. त्या मिट्ट काळोखात पाण्याकडे तोंड करून तीन फोटोमल्टिप्लायर नळ्या (अत्यंत मंद प्रकाशही टिपणारी साधने) बसलेल्या असतात. वर सौर तावदाने, जीपीएस आणि रेडिओचा अँटेना असतो आणि अवघ्या दहा वॅटच्या आसपास विजेवर सगळा संसार चालतो. भोवती गुरे चरत असतात. वैश्विक किरणाने वरच्या हवेत पाडलेला अब्जावधी दुय्यम कणांचा वर्षाव जमिनीवर पोचला की त्यातले कण पाण्यातून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जातात (पाण्यात प्रकाश मंदावतो, म्हणून हे शक्य होते), निळसर चेरेन्कोव्ह प्रकाशाची लकेर उमटते आणि नळ्या ती टिपतात. वर्षावाची आघाडी एखाद्या ताटासारखी चपटी असते. ती तिरकी उतरली तर एका टाकीला आधी आणि शेजारच्या टाकीला काही मायक्रोसेकंदांनी स्पर्श करते, आणि या वेळांच्या फरकावरून कणाची दिशा एका अंशाहूनही बारीक अचूकतेने निघते. पठाराच्या कडेने चार ठिकाणी बसवलेल्या चोवीस दुर्बिणी वर्षावामुळे हवेतल्या नायट्रोजनने सोडलेला अतिनील प्रकाश पाहतात आणि ऊर्जेची मोजपट्टी त्यांच्याकडूनच घेतली जाते. फक्त त्यांना निरभ्र आणि चंद्र नसलेली रात्र लागते, म्हणजे एकूण वेळेच्या जेमतेम सातवा-आठवा हिस्सा.

उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-३ ही मांडणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा फरक चटकन जाणवेल. तिथे शोधक एकमेकांपासून ८ मीटरवर आहेत, कारण तिथले कण हजारो पटींनी कमी ऊर्जेचे आणि म्हणून भरपूर आहेत. मालार्ग्वेला १५०० मीटर अंतर चालते, पण महिन्याला एखादा उपयोगी कण मिळाला तरी धन्यता मानावी लागते. पुढे जे घडले ते बरेचसे या दुष्काळातून घडले.

समस्या

१ जानेवारी २००४ पासून, बांधकाम अर्धवट असतानाच, नोंदी सुरू झाल्या. मे २००६ अखेरपर्यंतच्या नोंदी चाळताना गटाला एक आकृतिबंध दिसला. वेराँ-सेत्ती आणि वेराँ यांच्या सूचीच्या बाराव्या आवृत्तीतील जवळच्या सक्रिय दीर्घिका, म्हणजे ज्यांच्या केंद्रातले कृष्णविवर जोमाने पदार्थ गिळत आहे अशा दीर्घिका, घेतल्या आणि प्रत्येकीभोवती एक छोटे वर्तुळ काढले, तर सर्वांत ऊर्जावान १५ कणांपैकी १२ कण कोणत्या ना कोणत्या वर्तुळात पडत होते. निव्वळ योगायोगाने ३.२ पडायला हवे होते.

मात्र हा आकडा जसाच्या तसा घेण्याजोगा नव्हता. ऊर्जेचा उंबरठा कुठे ठेवायचा, वर्तुळ किती अंशांचे घ्यायचे आणि दीर्घिका किती अंतरापर्यंतच्या मोजायच्या, या तिन्ही गोष्टी मागेपुढे सरकवत जुळणी सर्वांत ठळक दिसेल ती जागा निवडलेली होती. तीन खुंट्या पिळायला मिळाल्या की कोणत्याही तंबोऱ्यातून कुठला ना कुठला सूर निघतोच. या क्षेत्राचा इतिहासही काही आश्वासक नव्हता. १९८० च्या दशकात सिग्नस एक्स-३ या स्रोताकडून अतिऊर्जावान किरण येत असल्याचे दावे झाले आणि विरले. अगासाला दिसलेला आकाशगंगेच्या केंद्राकडचा आधिक्यबिंदू ओझे वेधशाळेला तिच्या स्वतःच्या नोंदींत सापडला नव्हता. म्हणजे आपण ज्या चुका इतरांच्या दाखवल्या त्याच आपल्याकडून व्हायची वेळ गटावर आली होती.

विचारात घेण्याजोगे मार्ग

मे २००६ च्या त्या टप्प्यावर तीन वाटा खुल्या होत्या. पहिली, १५ पैकी १२ हा निष्कर्ष तसाच प्रसिद्ध करायचा आणि खुंट्या पिळल्याबद्दल संभाव्यतेत वजावट करायची. ही वजावट किती करावी यावर एकमत होणे कठीण असते, कारण करून पाहिलेले पण कागदावर न आलेले प्रयत्न कोणीच मोजत नाही. दुसरी, काही न बोलता काही वर्षे थांबायचे. तिसरी, मिळालेली तिन्ही मापे गोठवायची, जुने कण बाजूला ठेवायचे आणि फक्त नव्या कणांवर परीक्षा घ्यायची.

गटाने तिसरी वाट धरली. ती सर्वांत चांगली होती याबद्दल मला शंका नाही. प्रश्न पुढचा आहे, की गोठवलेल्या कसोटीत नेमका कोणता प्रश्न विचारला गेला होता.

केलेली कृती

ठरवलेली मापे अशी होती : ऊर्जा ५६ एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर, ताम्रसृती ०.०१८ पर्यंत म्हणजे सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या दीर्घिका आणि वर्तुळाची त्रिज्या ३.१ अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश भरतो, तेव्हा हे वर्तुळ मध्यापासून कडेपर्यंत सहा चंद्र ओळीने बसतील एवढे होते. सूचीत अशा ४७२ दीर्घिका होत्या, त्यांपैकी ३१८ वेधशाळेच्या दृष्टिक्षेत्रात. एवढी वर्तुळे आकाशावर मांडली की वेधशाळेला दिसणाऱ्या भागाचा, निरीक्षणाचा काळ हिशेबात धरून, २१ टक्के हिस्सा झाकला जातो. डोळे मिटून फेकलेला कणही पाचातून एकदा वर्तुळात पडणारच, हे म्हणून पहिल्यापासून गृहीत होते.

कसोटी टप्प्याटप्प्याने पाहायची होती. नवा कण आला की आतापर्यंत किती आले आणि किती जुळले हे आधी ठरवलेल्या कोष्टकाशी ताडायचे, आणि जुळलेल्यांची संख्या त्या टप्प्याच्या किमान मर्यादेला पोचली की ‘कण सर्व दिशांनी सारखे येतात’ हे गृहीत नाकारायचे. वारंवार डोकावल्यामुळे फसगत होऊ नये म्हणून सगळ्या टप्प्यांची मिळून चुकीने नाकारण्याची शक्यता एक टक्क्यावर बांधून घेतलेली होती. कण इतके विरळ येत असताना टप्प्याटप्प्याने पाहणे स्वाभाविकच होते. ठरावीक संख्या भरेपर्यंत आंधळेपणाने थांबायचे म्हटले तर वर्षे गेली असती.

२७ मे २००६ पासून नवी मोजणी सुरू झाली. वर्षभरात उंबरठ्यावरचे आठ कण आले आणि त्यांपैकी सहा जुळले. २५ मे २००७ रोजी कोष्टकातली अट पूर्ण झाली. २१ टक्क्यांच्या हिशेबाने आठांपैकी सहा किंवा अधिक जुळण्याची शक्यता हजारात दोनहून कमी आहे, हे कोणालाही साध्या गणकयंत्रावर ताडून पाहता येईल.

येथे दुसरे वळण आले. कसोटी उतरल्यावर लगेच लिहायचे की आणखी कण येऊ द्यायचे? गटाने ३१ ऑगस्ट २००७ पर्यंतच्या नोंदी घेतल्या. तोवर कण तेरा झाले होते आणि जुळलेले आठ. अपेक्षा २.७ ची होती आणि योगायोगाची शक्यता ०.००१७. निबंध ९ नोव्हेंबर २००७ च्या अंकात आला. त्यात जुन्या-नव्या अशा सर्व २७ कणांचा नकाशा होता. मापे पुन्हा थोडी हलवली तर २७ पैकी २० जुळतात, हेही नमूद होते. नरतुरंग तारकासमूहातील सेंटॉरस ए या सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरच्या सक्रिय दीर्घिकेपासून तीन अंशांच्या आत दोन कण आले होते, आणि नकाशात नजर नेमकी तिथेच जाऊन थबकत असे.

निबंधाची भाषा मात्र सावध होती. शीर्षकात ‘सक्रिय दीर्घिका’ हा शब्द नव्हता, ‘जवळच्या दीर्घिकाबाह्य वस्तू’ असा मोघम उल्लेख होता. सक्रिय दीर्घिका या खऱ्या उगमांच्या आसपास वसलेल्या असू शकतील, त्याच उगम आहेत असे म्हणता येत नाही, अशी कबुलीही आत होती. वृत्तपत्रांत आणि वार्तापत्रांत कृष्णविवरे ठळक झाली आणि ही कबुली तळाशी गेली.

परिणाम

पहिला धक्का बाहेरून आला. हायरेस गटाने उत्तर आकाशातल्या स्वतःच्या कणांवर तीच मापे लावून पाहिली. तेरा कणांपैकी दोन जुळले, योगायोगाने ३.२ अपेक्षित होते. दोन प्रयोगांचे आकाश वेगळे आणि ऊर्जेची मोजपट्टीही वेगळी, त्यामुळे याने ओझेचा निष्कर्ष खोटा ठरला असे नव्हे, पण त्याला दुजोरा नक्कीच मिळाला नाही.

पुढचे उत्तर वेधशाळेच्या स्वतःच्या टाक्यांनी दिले. ३१ डिसेंबर २००९ पर्यंत उंबरठ्यावरचे ६९ कण जमले होते. (मधल्या काळात ऊर्जेची पुनर्मोजणी झाल्यामुळे उंबरठ्याचा आकडा ५५ झाला होता. शोधकाळातल्या, म्हणजे मे २००६ पर्यंतच्या, १५ कणांचे २००७ च्या निबंधापर्यंतच १४ झाले होते, आणि २००७ मधल्या तेरांपैकी जुळलेले आता आठांऐवजी नऊ भरत होते. ऊर्जेच्या मोजपट्टीत २२ टक्क्यांची अनिश्चितता असताना काठावरचे कण असे आत-बाहेर होणारच.) निबंधानंतर आलेल्या ४२ कणांपैकी १२ जुळले, अपेक्षा ८.८ ची होती. शोधकाळ वगळून सगळे धरले तर ५५ पैकी २१, म्हणजे ३८ टक्के. ते २१ टक्क्यांहून अजूनही वर होते, पण तेरांपैकी आठ हे जे ६२ टक्के दिसले होते त्यापासून बरेच खाली. २०१५ मध्ये दहा वर्षांच्या नोंदींवर प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. योगायोगाच्या पातळीपासून ते आता फार दूर राहिले नव्हते.

दरम्यान २०१० मध्ये आणखी एक निष्कर्ष पुढे आला. वर्षाव हवेत किती खोलवर शिगेला पोचतो यावरून मूळ कण हलका की जड हे ओळखता येते. दुर्बिणींच्या नोंदी सांगत होत्या की, ऊर्जा वाढत जाते तसे कण प्रोटॉनसारखे वागेनासे होऊन जड केंद्रकांकडे झुकतात. जड केंद्रकावर विद्युतभार जास्त, म्हणून चुंबकक्षेत्रात त्याचे वळणही जास्त. लोहकेंद्रक प्रोटॉनच्या सव्वीस पट वळते. मग ३.१ अंशांच्या वर्तुळात उगम शोधण्याला अर्थ उरत नाही. पार्श्वभूमीत ज्या ‘तर’ कडे बोट दाखवले तो हाच. एकच वेधशाळा, एकच पठार, आणि तिचे दोन निष्कर्ष एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

निर्णयाच्या जागा

या प्रकरणाकडे ‘घाई केली आणि फसले’ असे पाहणारे पुष्कळ भेटतात. मला ते निदान वरवरचे वाटते. कसोटीने दिलेले उत्तर, ‘कण सर्व दिशांनी सारखे येत नाहीत’, हे पुढे खरेच निघाले. ‘सायन्स’च्या २२ सप्टेंबर २०१७ च्या अंकात याच वेधशाळेने ८ एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे ३२,००० हून अधिक कण तपासून दाखवले की, आकाशाच्या एका बाजूने येणारे कण जास्त आहेत. या द्विध्रुवी झुकावाचे प्रमाण ६.५ टक्के आणि सांख्यिकीय वजन ५.२ सिग्मा (सिग्माचा आकडा जितका मोठा तितकी योगायोगाची शक्यता कमी). झुकावाची दिशा आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे १२५ अंश दूर असल्यामुळे हे कण आपल्या आकाशगंगेबाहेरचे असल्याचेही त्यातून दिसले.

गफलत झाली ती प्रश्न आणि उत्तर यांच्या जोडीत. समदिशता, म्हणजे कण सर्व दिशांनी सारखे येतात हे गृहीत, नाकारण्यासाठी वर्तुळे कशाभोवती काढली याला काहीच महत्त्व नसते. आधी गोठवलेली कोणतीही नक्षी चालते, फक्त तिने झाकलेला आकाशाचा हिस्सा माहीत हवा. वापरलेली सूची अपूर्ण आहे, तिच्यावरून सांख्यिकी करू नये, असे तिच्या कर्त्यांनीच बजावून ठेवलेले आहे. तरी पहिल्या प्रश्नापुरती तीही चालून गेली. पण त्याच वर्तुळांच्या मध्यबिंदूंना उगम म्हणायला लागलो की सूचीचा प्रत्येक दोष अंगावर येतो. आकाशगंगेच्या पट्ट्यामागे धुळीने झाकलेल्या दीर्घिका तिच्यात नाहीत. किरकोळ सक्रिय दीर्घिका आणि सेंटॉरस एसारखी दांडगी दीर्घिका दोघींचे वजन तिच्यात सारखेच धरले जाते. सक्रिय दीर्घिकांची दाटी असलेल्या कन्या दीर्घिकासमूहाच्या दिशेने मात्र कण येताना दिसत नव्हते, हे टीकाकारांनी लवकरच निदर्शनास आणले. एका कसोटीला दोन परीक्षांचे गुण दिले गेले. त्यांतल्या दुसऱ्या परीक्षेला तर ती बसलीच नव्हती.

दुसरी जागा सूक्ष्म आहे आणि सांख्यिकी शिकवणाऱ्यांनी ती वर्गात जरूर मांडावी. मर्यादा ओलांडताच थांबण्याचा नियम खोटी घंटा वाजू देत नाही, पण घंटा किती जोराने वाजली हे तो खरे सांगत नाही. थांबण्याचा क्षण नशीब जोरावर असतानाच येतो. जुळण्याचे खरे प्रमाण ३८ टक्के आहे असे धरले तर आठांपैकी सहा किंवा अधिक जुळण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास निघते, आणि प्रत्यक्षात तसेच घडले. याची खूण २००७ च्या निबंधातच दडलेली होती. मर्यादा ओलांडल्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत आलेल्या पाच कणांपैकी दोनच जुळले होते. पाच ही संख्या फार लहान आहे हे खरे, त्यावरून कोणी दावा मागे घ्यावा असे नाही. पण ‘आठांपैकी सहा’ आणि ‘पाचांपैकी दोन’ असे वेगवेगळे लिहिले असते, तर वाचणाऱ्याच्या मनात ६२ टक्के हा आकडा इतका घट्ट बसला नसता.

वेगळे काय करता आले असते

प्रसिद्धीच रोखून धरावी होती, या मताशी मी सहमत नाही. पाठोपाठच्या सविस्तर निबंधात गटाने २७ कणांची तारीख, ऊर्जा आणि दिशा यांची पूर्ण यादी दिली होती. मापे उघड असल्यामुळेच हायरेसला त्यांची पडताळणी करता आली आणि यादी उघड असल्यामुळेच टीका नेमकी झाली. उतरता आकडाही गटाने स्वतःच, कुठलीही सारवासारव न करता, २०१० मध्ये छापला. निकाल दाबून ठेवला असता तर यातले काहीच घडले नसते.

बदल करायचाच तर मे २००६ च्या कागदात करायला हवा होता. समदिशता कधी नाकारायची एवढाच नियम त्यात होता. अट पूर्ण झाल्यावर आणखी ठरावीक संख्येचे कण येईपर्यंत नोंदी चालू ठेवाव्यात आणि जुळणीचे प्रमाण फक्त त्या पुढच्या कणांवरूनच सांगावे, असा दुसरा नियम त्याला जोडता आला असता. दावा ‘दिशा सारख्या नाहीत’ एवढाच असेल तर नकाशावर दीर्घिकांची नावे घालायची की नाही, हेही तेव्हाच ठरले असते. सूचीबाबत २०१० च्या निबंधात गटाने जी वाट धरली, म्हणजे अवरक्त व क्ष-किरण सर्वेक्षणांतून आलेल्या, अधिक पूर्ण आणि तेजानुसार वजन देता येणाऱ्या सूचींशीही तुलना करायची, ती आधी धरली असती तर बरे झाले असते. अर्थात २००६ मध्ये हाताशी पंधराच कण होते. एवढ्यांवर तीन-चार सूच्या ताडल्या असत्या तर पिळायला आणखी खुंट्या मिळाल्या असत्या, हा आक्षेपही मला मान्य आहे.

कण कोणत्या जातीचे, हा प्रश्न सुटेपर्यंत थांबायला हवे होते का? येथे माझे मत डळमळते. दुर्बिणींना महिन्यातल्या थोड्याच रात्री मिळत असल्याने त्यांचे हे मोजमाप ५६ एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर पुरेशा संख्येने पोचतच नव्हते. थांबायचे म्हटले तर किती, याला काही सीमा नव्हती.

सध्याची स्थिती

२०१८ मध्ये वेधशाळेने आणखी एक जुळणी मांडली. ३९ एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या कणांपैकी सुमारे दहा टक्के कण, जोमाने तारे घडवणाऱ्या जवळच्या दीर्घिकांच्या दिशांशी मेळ खातात, असा तो निष्कर्ष आहे. त्याचे वजन ४ सिग्मा आहे. तिथे वर्तुळाची जागा सुमारे १३ अंशांच्या पसरट डागाने घेतली आहे आणि प्रत्येक दीर्घिकेला तिच्या तेजाप्रमाणे वजन आहे. निबंधात त्याला शोध न म्हणता सूचक पुरावा म्हटले आहे. युटाहमधील ‘टेलिस्कोप अ‍ॅरे’ या ७०० चौरस किलोमीटरच्या मांडणीला २०१४ मध्ये सप्तर्षीच्या जवळ कणांची दाटी दिसली होती. त्याच मांडणीने २७ मे २०२१ रोजी २४४ एक्सा इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण टिपला आणि तो ज्या दिशेने आला तिथे उगम म्हणून बोट दाखवावे असे काही सापडले नाही.

मालार्ग्वेच्या टाक्यांवर आता सपाट पेटीसारखे स्फुरणशोधक (कण आरपार गेला की चमकणारे शोधक) आणि रेडिओ अँटेना बसवले आहेत. पाणी आणि स्फुरणशोधक यांचा म्युऑनांना (वर्षावातल्या, इलेक्ट्रॉनसारख्या पण जड कणांना) मिळणारा प्रतिसाद वेगवेगळा असतो, आणि त्या फरकावरून मूळ कण हलका की जड हे प्रत्येक कणासाठी, दिवसाउजेडीही, अजमावता येते. वेधशाळा २०३५ पर्यंत चालवण्याचा करार नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. तोवर जे कण येतील त्यांतले हलके निवडून, केवळ त्यांच्या दिशांवर, नव्याने गोठवलेली कसोटी लावणे आता शक्य झाले आहे.